फ्लोरेन्स प्राइस कार्यसूची: प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

कामाची व्याप्ती ठरली. अमेरिकन संगीतकार, पियानो आणि ऑर्गनवादक फ्लोरेन्स बी. प्राइस (१८८७–१९५३) यांच्या निवडक ४० रचनांची मराठी कार्यसूची करायची. जोडीला दोन टाचणे: एक पहिली सिम्फनी (वाद्यवृंदासाठीची मोठी, अनेक भागांची रचना) ऐकताना हाताशी ठेवायचे, दुसरे 'जुबा' ही लय हाताने वाजवून समजून घेण्यासाठी. एकूण रचना ३०० च्या आसपास आहेत, त्यामुळे सगळ्या घेण्याचा मोह टाळला. छापील प्रत आणि ध्वनिमुद्रण दोन्ही मिळते, त्याच रचना यादीत.

तक्त्याचे पहिले रकाने: नाव, प्रकार, वाद्ये, वर्ष, टीप. दहा ओळी भरेपर्यंत 'वर्ष' हा रकाना निकालात निघाला. पहिल्या सिम्फनीसमोर काय लिहायचे? १९३२ (बक्षीस), १९३३ (पहिला प्रयोग) की २००८ (छापील आवृत्ती)? तिन्ही बरोबर आहेत, पण एका चौकटीत घातले की वाचणाऱ्याची दिशाभूल होते.

९ जानेवारी

'वर्ष' काढून चार रकाने केले: लिहिले, वाजले, छापले, सापडले. शेवटचा रकाना फक्त २००९ मध्ये प्राइस यांच्या जुन्या उन्हाळी घरात मिळालेल्या हस्तलिखितांसाठी, इतर वेळी रिकामा.

चाचणीच्या ओळी:
पहिली सिम्फनी, ई मायनर: लिहिले १९३१–३२, वाजले १९३३, छापले २००८, सापडले –
चौथी सिम्फनी, डी मायनर: लिहिले १९४५, वाजले २०१८, सापडले २००९
'थ्री लिटल नीग्रो डान्सेस', पियानो: छापले १९३३, सापडले –
'अ‍ॅडोरेशन', ऑर्गन: छापले १९५१, सापडले –

या चार ओळींतच एक गोष्ट उघडी पडते. 'विस्मृतीत गेलेली, मोडक्या घरात सापडलेली संगीतकार' हे प्राइस यांचे नेहमीचे वर्णन अर्धेच खरे आहे. तिसऱ्या आणि चौथ्या ओळीतल्या रचना त्यांच्या हयातीत छापून विकल्या जात होत्या. शिकवणीच्या मुलांसाठी आणि चर्चमधल्या ऑर्गनवादकांसाठी लिहिलेले हे सुटे संगीत कधी हरवलेलेच नव्हते. हरवली होती ती मोठी कामे, आणि वाद्यवृंदाशिवाय ती वाजवता येत नाहीत.

१३ जानेवारी

चरित्राचा भाग. तीन ठिकाणी हमखास चूक होते, म्हणून कसे लिहायचे ते आधीच पक्के केले.

जन्मवर्ष. ९ एप्रिल, लिटल रॉक, आर्कान्सा. याबद्दल वाद नाही. जुन्या कोशांत वर्ष १८८८ आहे, अलीकडच्या संशोधनात १८८७. सूचीत १८८७ घेतले. वये यावरूनच काढायची: पहिल्या सिम्फनीच्या प्रयोगावेळी ४६, मृत्यूसमयी (३ जून १९५३, शिकागो) ६६.

मेक्सिको. बॉस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत १९०३ मध्ये प्रवेश घेताना गाव म्हणून मेक्सिकोतले 'प्वेब्लो' नोंदवले गेले. वर्णभेदाचा जाच चुकवण्यासाठी केलेली ही नोंद आहे. ती जन्मस्थळ म्हणून उतरवू नये.

आडनाव. माहेरचे स्मिथ. वडील दंतवैद्य, आई संगीत शिक्षिका. १९१२ मध्ये वकील थॉमस जे. प्राइस यांच्याशी विवाह, १९३१ मध्ये घटस्फोट, त्याच वर्षी दुसरा विवाह. रचना मात्र शेवटपर्यंत प्राइस याच नावाने. अपवाद हलक्याफुलक्या लोकप्रिय गाण्यांचा. तिथे 'व्ही जे' हे टोपणनाव. सूचीत ते वेगळ्या रकान्यात, नाहीतर शोध घेणाऱ्याला ही गाणी दुसऱ्याच कोणाची वाटतील.

कॉन्झर्व्हेटरीतून १९०६ मध्ये दोन पदविका: ऑर्गनवादनाची आणि पियानो अध्यापनाची. रचनाशास्त्र जॉर्ज चॅडविक आणि फ्रेडरिक कॉन्व्हर्स यांच्याकडे. पुढे आर्कान्सात आणि अटलांटाच्या क्लार्क विद्यापीठात शिकवले. १९२७ मध्ये लिटल रॉकमध्ये जॉन कार्टर या कृष्णवर्णीयाला जमावाने ठार मारले. त्याच वर्षी कुटुंब शिकागोला आले. तिथे मूकपटांच्या थिएटरात ऑर्गनवादन, शिकवण्या, रेडिओसाठी कामे. हा भाग पाच ओळींत आटोपला. चरित्र सांगणारे बरेच आहेत, आपली सूची रचनांची आहे.

२० जानेवारी

'पहिली' हा शब्द तपासला.

१५ जून १९३३, ऑडिटोरियम थिएटर, शिकागो. फ्रेडरिक स्टॉक यांच्या संचालनाखाली शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्राने पहिली सिम्फनी वाजवली. शहरात 'सेंच्युरी ऑफ प्रोग्रेस' हे जागतिक प्रदर्शन चालू होते. कच्च्या मसुद्यात 'अमेरिकेतील मोठ्या वाद्यवृंदाने सिम्फनी वाजवलेली पहिली कृष्णवर्णीय संगीतकार' असे होते. मराठीत 'संगीतकार' हा शब्द स्त्री-पुरुष दोघांना चालतो, त्यामुळे वाक्य निसटून खोटे झाले: विल्यम ग्रँट स्टिल यांची 'अफ्रो-अमेरिकन सिम्फनी' रॉचेस्टरला १९३१ मध्येच वाजली होती. दुरुस्त वाक्य: 'प्रमुख अमेरिकन वाद्यवृंदाने जिची सिम्फनी वाजवली अशी पहिली कृष्णवर्णीय स्त्री'. इंग्रजीतून घेताना 'स्त्री' गळता कामा नये.

या मैफलीमागची व्यवस्थाही नोंदवली. सिम्फनीला १९३२ च्या वानामेकर स्पर्धेत (कृष्णवर्णीय संगीतकारांसाठीची रचना-स्पर्धा) पहिले बक्षीस मिळाले, ५०० डॉलर. त्याच स्पर्धेत पियानो सोनाटा (ई मायनर) याला २५० डॉलर. गाण्यांच्या गटात त्यांचीच शिष्या मार्गारेट बाँड्स विजेती ठरली. प्रयोगाच्या खर्चासाठी मॉड रॉबर्ट्स जॉर्ज पुढे आल्या. त्या 'शिकागो डिफेंडर'मध्ये संगीत समीक्षा लिहीत आणि शहरातल्या कृष्णवर्णीय संगीत संघटनेतही त्यांचा पुढाकार असे. बक्षीस मिळाले म्हणून वाद्यवृंद आपण होऊन धावत आला, असे घडले नाही.

बारीक तपशील, पण ठेवण्याजोगा: जानेवारी १९३१ मध्ये पाय मोडल्यामुळे घरी बसावे लागले, तेव्हा सिम्फनी लिहायला निवांत वेळ मिळाला, असे प्राइस यांनीच पत्रात विनोदाने लिहून ठेवले आहे. ऑर्गनवादकाचा पाय मोडला तर हातचे काम थांबलेच म्हणायचे. पायपट्ट्या वाजवणार कशाने?

२७ जानेवारी

सिम्फनींची मोजणी. क्रमांक १, ३ आणि ४ वाजतात. दुसरी वाजवण्याजोग्या पूर्ण स्वरूपात नाही. म्हणून 'चार सिम्फनी' न लिहिता 'क्रमांक चारपर्यंत, त्यांपैकी तीन वाजतात' असे लिहिले. तिसरी, सी मायनर: डेट्रॉइट, ६ नोव्हेंबर १९४०, मिशिगन डब्ल्यूपीए सिम्फनी, संचालक व्हाल्टर पूल. त्याच कार्यक्रमात प्राइस स्वतःच्या पियानो कन्चेर्टोत (एकल वादक आणि वाद्यवृंद यांची रचना) एकल वादक होत्या. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी आपल्या वृत्तपत्रीय सदरात तिसऱ्या सिम्फनीचे कौतुक केले. डब्ल्यूपीए म्हणजे मंदीच्या काळातली सरकारी रोजगार योजना. तिच्या पैशातून उभे राहिलेले वाद्यवृंद नवे अमेरिकन संगीत घेत. एवढी टीप पुरे.

व्हायोलिन कन्चेर्टो दोन: पहिला १९३९, दुसरा १९५२. दोघांच्या 'सापडले' रकान्यात २००९.

३ फेब्रुवारी

पियानो-ऑर्गनसारख्या पट्टीच्या वाद्यांसाठीच्या रचना, १४ ओळी. वेळ सगळ्यात जास्त शीर्षकांनी खाल्ला.

'डान्सेस इन द केनब्रेक्स' (पियानो, १९५३). पहिल्या मसुद्यात 'उसाच्या फडातली नृत्ये' झाले होते. चूक. अमेरिकेच्या दक्षिणेतला 'केनब्रेक' म्हणजे नदीकाठी दाटून वाढणारे देशी बांबूचे रान. मराठीत 'वेळूचे बन' चपखल बसते. याच संचातल्या तिसऱ्या तुकड्याच्या नावात पुन्हा 'केन' आहे: 'सिल्क हॅट अँड वॉकिंग केन'. तिथे ती हातातली काठी. एकाच संचात एकाच शब्दाचे दोन अर्थ, म्हणून शोधा-आणि-बदला करू नये. उरलेले दोन: 'निम्बल फीट', 'ट्रॉपिकल नून'. संचाचे वाद्यवृंद रूपांतर विल्यम ग्रँट स्टिल यांचे. ती ओळ स्वतंत्र.

'सुइट क्र. १' (ऑर्गन, १९४२). चार भाग: फँटसी, फ्युगेटा, एअर, टोकाटो. शेवटचे नाव 'टोकाटा' करायला हात शिवशिवतो. करू नये, रचनेवर 'टोकाटो' असेच आहे आणि ग्रंथालयाच्या शोधात तेच चालते.

'फँटसी नेग्र क्र. १' (पियानो, १९२९, ई मायनर). 'सिनर, प्लीज डोन्ट लेट धिस हार्व्हेस्ट पास' या स्पिरिच्युअलवर आधारलेली, मार्गारेट बाँड्स यांना अर्पण. या मालिकेत चार रचना आहेत. क्रमांक गाळला की ध्वनिमुद्रणाशी जोडणी चुकते.

'स्पिरिच्युअल'ला 'भजन' म्हणावे का, यावर विचार झाला. सामूहिक गायन आणि ईश्वराला साद इतपत जुळते. पण गुलामगिरीत जगणाऱ्यांनी सुटकेची आस बायबलमधल्या प्रतिमांतून मांडली, हा गाभा 'भजन' म्हणताच गळतो. स्पिरिच्युअल तसेच ठेवले, पहिल्यांदा येते तिथे एक ओळ स्पष्टीकरण. शीर्षकांतला 'नीग्रो' शब्दही बदलला नाही, तो प्राइस यांनी दिलेल्या नावाचा भाग आहे. आपल्या मजकुरात 'कृष्णवर्णीय' किंवा 'आफ्रिकन-अमेरिकन'.

५ फेब्रुवारी

ऑर्गनच्या ओळींना 'पियानोवर वाजवता येते का' असा उपरकाना जोडला, कारण 'अ‍ॅडोरेशन' बहुतेक लोक दुसऱ्याच वाद्यावर ऐकतात. रूपांतर तपासताना पाहायचे ते असे. ऑर्गनचा स्वर पट्टी दाबून आहे तोवर टिकतो. पियानोचा दाबल्या क्षणापासून विरायला लागतो. दोन मात्रांहून लांब धरलेला मधला स्वर पियानोवर एकतर पुन्हा वाजवावा लागतो किंवा तो सुटलाच असे समजावे. पायपट्ट्यांचा स्वर डाव्या हाताकडे आला की त्या हाताने घेतलेला मधला आवाज उजव्याकडे ढकलावा लागतो, आणि उजव्याची धून तिथेच जड होते. उपाय: मधला आवाज पातळ करा, खालचा स्वर सोडू नका. खालचा सोडला तर स्वरसंगतीच बदलते, मधला सोडला तर फक्त भरीवपणा कमी होतो. पियानोचा पेडल (स्वर लांबवणारी पायाखालची कळ) प्रत्येक स्वरसंगतीला बदलायचा. ऑर्गनसारखे सलग वाटावे म्हणून दाबून धरला की सगळे गढूळ होते.

११ फेब्रुवारी

जुबाचे टाचण. प्राइस यांच्या क्रमांक १, ३ आणि ४ या तिन्ही सिम्फनींचा तिसरा भाग जुबा आहे. ए मायनर स्ट्रिंग क्वार्टेटचाही (चार तंतुवाद्यांची रचना) तिसराच. युरोपीय सिम्फनीत जिथे स्केर्त्सो (चपळ, खेळकर भाग) येतो, ती जागा त्यांनी या नाचाला दिली. जुबा हा गुलामगिरीतल्या मळ्यांवरचा नाच. ढोल वाजवण्यावर बंदी आली तिथे छाती, मांड्या आणि पाय हीच तालवाद्ये झाली. म्हणून ही लय पट्ट्यांवर आणण्याआधी अंगावर वाजवून बघावी.

पायऱ्या:
१. एका मात्रेचे चार समान भाग मोजा: १ २ ३ ४.
२. डावा तळहात मांडीवर: १ आणि ३.
३. उजवा हात छातीवर: १, २ आणि ४. तिसरा भाग उजव्याला रिकामा. दुसऱ्याचा ठोका तिथवर लांबला असे मनात धरा.
४. मेट्रोनोम (लय धरून देणारे यंत्र) ५० वर, एका ठोक्याला चार भाग. आठ आवर्तने न चुकता झाली की ५ ने वाढवा.
५. मग पट्ट्यांवर: डाव्या हाताने १ वर खालचा एकटा स्वर, ३ वर वरची स्वरसंगती. उजव्याने तोच १-२-४.

बिघडते कुठे? बहुतेकांचा चौथा भाग उशिरा पडतो आणि चाल आपोआप जॅझसारखी झुलू लागते. प्राइस यांच्या जुबात चार भाग समान हवेत, झोका नको. मजा समान भागांवर आडव्या पडणाऱ्या वजनातून येते. दुसरी चूक: उजव्या हाताचा दुसरा ठोका हलका सोडणे. जोर तिथेच आहे. तो पडला नाही तर उरते ते शाळेतले संचलन. तिसरी चूक पेडलची: डावा हात उड्या मारतो म्हणून आधाराला पेडल लावला जातो, आणि ३ वरची स्वरसंगती ४ वर सांडते. सुरुवातीला पेडल अजिबात नको.

१८ फेब्रुवारी

पहिल्या सिम्फनीचे ऐकण्याचे टाचण. एकूण अवधी ४० मिनिटांच्या आसपास.

भाग १, अलेग्रो मा नॉन ट्रॉप्पो. सुरुवातीची धून 'बसून' (bassoon) या खर्जातल्या लाकडी फुंकवाद्यावर, पाच स्वरांत. पेटीवर शोधायची तर पांढरी तीन 'सा' धरून पांढऱ्या पट्ट्यांतच सापडते: सा, कोमल ग, म, प, कोमल नि. हे धानीचे स्वर. पांढरी पाच 'सा' धरली तर त्याच पट्ट्या भूपाच्या होतात. टाचणात लगेच सावध केले: स्वर तेच असले तरी राग नव्हे. इथे धून पुढे दुसऱ्या 'सा'वर सरकते, स्वरसंगती बदलतात, तिचे तुकडे होऊन वेगवेगळ्या वाद्यांकडे जातात. भूप ऐकण्याच्या अपेक्षेने बसलेला श्रोता दोन मिनिटांत हिरमुसेल.

भाग २, लार्गो, माएस्तोसो. पितळी वाद्यांचा समूह स्तोत्रासारखी धून म्हणतो. मध्ये आफ्रिकन ढोल, पुढे मोठ्या घंटा. इथे ऑर्गनवादकाचा हात ओळखू येतो: पितळी समूह म्हणजे एक कीबोर्ड, त्याला उत्तर देणारी लाकडी वाद्ये म्हणजे दुसरा. आवाजाचा रंग हळूहळू न मिसळता ऑर्गनचा स्टॉप (आवाज बदलणारी खुंटी) ओढल्यासारखा एकदम बदलतो. काही समीक्षक याला वाद्ययोजनेतली उणीव म्हणतात. आमच्या मते ती सवय आहे, आणि या भागाला शोभते.

भाग ३, जुबा डान्स. वरचे टाचण आधी करून मग ऐका. मध्येच शिट्टीचा आवाज येतो. मुद्रणातला दोष समजू नये, स्वरलिपीत ती शिट्टी लिहिलेली आहे.

भाग ४, प्रेस्टो. वेगात धावतो, लवकर संपतो. सांगण्यासारखे कमी.

२५ फेब्रुवारी

'पियानो कन्चेर्टो इन वन मूव्हमेंट' (१९३४). नाव एका भागाचे असले तरी आत तीन विभाग सलग जोडलेले आहेत. शेवटचा जुबाच्या अंगाने जातो. शिकागोत १९३४ मध्ये प्राइस यांनी स्वतः वाजवला, आणि त्याच वर्षी मार्गारेट बाँड्स यांनी वुमन्स सिम्फनी ऑर्केस्ट्रासोबत.

या ओळीसाठी आणखी एक रकाना उघडावा लागला: 'वाद्ययोजना कोणाची'. मूळ वाद्यवृंद प्रत दीर्घकाळ हाती नव्हती. पियानोसाठीच्या हस्तलिखित प्रती होत्या. त्यांवरून संगीतकार ट्रेव्हर वेस्टन यांनी २०११ मध्ये नवी वाद्ययोजना केली. नंतर प्राइस यांची स्वतःची वाद्ययोजनाही उजेडात आली. आता दोन्ही प्रकारची ध्वनिमुद्रणे आहेत, मुखपृष्ठावर नाव एकच. रकाना भरल्याशिवाय दोन ध्वनिमुद्रणांची तुलना टाचणात घालू नये. वादकाचा म्हणून सांगितलेला फरक प्रत्यक्षात वाद्ययोजनेचा निघतो.

४ मार्च

गाणी, ९ ओळी. दोन महत्त्वाच्या: 'साँग्ज टू द डार्क व्हर्जिन' (शब्द लँग्स्टन ह्यूज, छापले १९४१) आणि 'माय सोल्स बीन अँकर्ड इन द लॉर्ड'. दुसरे कृष्णवर्णीय गायिका मेरियन अँडरसन यांनी ९ एप्रिल १९३९ रोजी, ईस्टरच्या रविवारी, वॉशिंग्टनच्या लिंकन स्मारकासमोरच्या मैफलीत गायले. तिथले कॉन्स्टिट्यूशन हॉल हे सभागृह त्यांना वर्णामुळे नाकारला गेला होता. तारीख प्राइस यांच्या वाढदिवसाची. टाचणात एका कंसात, त्याहून जास्त महत्त्व नको. पहिल्याच्या नावात अनेकवचन असले तरी गाणे एकच आहे, मालिका नव्हे. ही चूक दोन मसुद्यांत सापडली.

१० मार्च

अमेरिकेतले प्रताधिकार (कॉपीराइट). कोणत्या रचनेची स्वरलिपी टाचणात छापता येईल ते ठरवण्यासाठी. 'छापले' रकाना इथे कामी आला.

प्राइस यांचे निधन १९५३ चे. हयातीत न छापलेल्या आणि २००२ संपेपर्यंतही न छापलेल्या रचनांना मृत्यूनंतर ७० वर्षे, म्हणजे १ जानेवारी २०२४ पासून त्या मुक्त. १९७८ ते २००२ दरम्यान पहिल्यांदा छापलेल्या असतील तर संरक्षण २०४७ अखेरपर्यंत. हयातीत छापलेल्यांना प्रकाशनापासून ९५ वर्षे, पण त्या काळच्या नियमाने २८ व्या वर्षी नूतनीकरण झाले असेल तरच. 'अ‍ॅट द कॉटन जिन' (१९२८) २०२४ च्या सुरुवातीला मोकळे झाले.

निष्कर्ष उलटा वाटतो, पण बरोबर आहे: २००९ मध्ये मिळालेले हस्तलिखित मोकळे आणि १९९० च्या दशकात अभ्यासकांनी कष्टाने पहिल्यांदा छापून आणलेले बांधलेले. मोकळ्या रचनेचीही नवी आवृत्ती तशीच उचलायची नाही. संपादकाने घातलेल्या खुणा आणि दुरुस्त्या त्याच्या. प्राइस यांच्या रचनांचे जागतिक प्रकाशन हक्क २०१८ मध्ये जी. शर्मर या प्रकाशन संस्थेने घेतले, त्यामुळे वाद्यवृंदाच्या प्रती भाड्याने तिथूनच.

१४ मार्च

'सापडले' रकान्याची प्रस्तावना पुन्हा लिहिली. जुन्या मसुद्यात 'अडगळीत पडलेला खजिना' होता, तो काढला. नवा मजकूर:

'प्राइस यांची कागदपत्रे दोन हप्त्यांत आर्कान्सा विद्यापीठाच्या फेएटव्हिल येथील ग्रंथालयात पोचली. पहिला हप्ता १९७० च्या दशकात, मुलीकडून. दुसरा २००९ नंतर: शिकागोच्या दक्षिणेला सेंट अ‍ॅन गावातल्या त्यांच्या उन्हाळी घराची दुरुस्ती करताना नव्या मालकांना हस्तलिखितांचे गठ्ठे दिसले. चौथी सिम्फनी आणि दोन्ही व्हायोलिन कन्चेर्टो त्यात होते. पहिल्या हप्त्यावर अभ्यासक रे लिंडा ब्राउन यांनी दशकानुदशके काम केले. पहिली आणि तिसरी सिम्फनी त्यातूनच छापली गेली.'

त्याखाली एक ओळ वाढवली: ५ जुलै १९४३ च्या पत्रात प्राइस यांनी बॉस्टन सिम्फनी वाद्यवृंदाचे संचालक सर्गे कुसेवित्स्की यांना आपल्या दोन अडचणी कळवल्या, स्त्री असणे आणि वर्ण. प्रती मागवून पाहाव्यात अशी विनंती होती. कुसेवित्स्की यांनी त्यांचे काही वाजवले नाही. हे पत्र 'सापडले'च्या प्रस्तावनेतच ठेवले. त्या वर्षी प्राइस यांना शोधून काढण्याची गरज नव्हती, शिकागोचा पत्ता पत्रावर होता.

१७ मार्च

४० ओळींची शेवटची फेरी. 'वाजले' आणि 'छापले' यांत अदलाबदल झालेल्या तीन ओळी दुरुस्त. 'सापडले'मध्ये चुकून २००९ पडलेल्या दोन गाण्यांची चौकट रिकामी केली, दोन्ही हयातीत छापलेली होती. 'टोकाटो' कोणीतरी पुन्हा 'टोकाटा' केले होते. परत 'टोकाटो' केले आणि चौकटीला कुलूप लावले.